मोजा आम्हाला, पण दिलेला शब्द पाळा

सीमाभागातल्या मराठी माणसाने मोजणीला कधी नाही म्हटलेलं नाही. उलट आमची सगळी भिस्त मोजणीवरच आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, हल्याळ, भालकी इथली मराठी गावं तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेली. तेव्हापासून आपली बाजू मांडताना आम्ही आधी पुढे करतो ते शिरगणतीतले आकडे. खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा या चार सूत्रांवर महाराष्ट्राची बाजू उभी आहे. त्यातली भाषिक बहुसंख्या थेट मातृभाषेच्या रकान्यातून येते. सीमाप्रश्नावर केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव म्हैसूरकडे ठेवून निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. महाराष्ट्र मागतो ती ८६५ गावं, हा आकडा इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो.

न्यायालयातल्या दाव्यापेक्षा रोजच्या जगण्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे १५ टक्के. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तर तिथल्या महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाल्या पाहिजेत, हे केंद्राने आणि राज्यांनी मान्य केलेलं तत्त्व आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे १८ टक्क्यांच्या वर होते. मराठीत परिपत्रकं द्या, सातबारा-उतारे मराठीत द्या म्हणून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा जातो, तेव्हा हातातल्या निवेदनात हीच टक्केवारी असते. ही मोजणी झालीच नसती तर ते निवेदन लिहायला आधारच उरला नसता.

तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते मोजणीच्या बाजूने उभं राहून लिहितो आहे. चिक्कोडी-निपाणी-संकेश्वर पट्ट्यातला ऊस उत्पादक काट्याच्या विरोधात कधी नसतो, त्याचं भांडण काटामारीशी असतं. सरकारी माहिती संकलनाबद्दल माझं भांडण तेवढंच आहे. माहिती घेताना सरकार जो शब्द देतं तो पाळला जात नाही, पाळला नाही तर कोणाला काही होत नाही, आणि ज्यांना मोजणीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनाच त्याची झळ आधी बसते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कर्नाटकात मागासवर्ग आयोगाचं सामाजिक आणि शैक्षणिक सर्वेक्षण झालं. आधीचं २०१५ चं सर्वेक्षण दहा वर्षं वादात राहिलं, म्हणून हे नव्याने. एकूण ६० प्रश्न. ऐन दसऱ्याच्या सुट्टीत शिक्षकांना कामाला जुंपलं गेलं. त्याआधी वीज मंडळाचे मीटर रीडर घरोघरी फिरून गेले. विजेच्या मीटरवरून घराची जागा नकाशावर टिपली गेली, घराला एक क्रमांक मिळाला आणि दाराच्या चौकटीवर स्टिकर चिकटला. बेळगावच्या गल्ल्यांत आजही जुन्या लाकडी चौकटींवर ते स्टिकर दिसतात. पोलिओचा खडूने केलेला खुणेचा बाण, घरपट्टीचा नंबर आणि त्याशेजारी हा नवा क्रमांक.

मराठा समाजाच्या बैठका तेव्हा गावोगावी झाल्या. जातीच्या रकान्यात काय लिहायचं, पोटजातीत काय, मातृभाषेत मराठीच लिहायचं, हे व्हॉट्सअॅपवर फिरत होतं. ते योग्यच होतं. आरक्षणाचा आणि शाळांचा प्रश्न त्या आकड्यांशी बांधलेला आहे. पण त्या सगळ्या बैठकांत एक प्रश्न कोणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात आलं नाही. आपली जात, पोटजात, मातृभाषा, उत्पन्न, आधार आणि मोबाईल नंबर हे सगळं आपल्या मीटरच्या जागेशी जोडून कोणाच्या हाती जाणार आहे, आणि तिथून पुढे कुठे?

तो प्रश्न विचारला तो बेंगळूरच्या उच्च न्यायालयात. २५ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयाने सर्वेक्षणाला स्थगिती नाकारली, पण अटी घातल्या. जमा झालेली माहिती गोपनीय ठेवायची, कोणालाही उघड करायची नाही. माहिती देणं ऐच्छिक आहे हे आयोगाने जाहीर करायचं आणि गणकांनीही लोकांना आधीच सांगायचं. म्हणजे दारात आलेल्या शिक्षकाने पहिल्या प्रश्नाआधी हे वाक्य बोलणं अपेक्षित होतं. ते वाक्य आपल्या दारात उच्चारलं गेलं का, हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आठवून पाहावं. मी यात शिक्षकांना दोष देत नाही. रेंज नसलेल्या गावात डोंगरावर चढून अॅप उघडणाऱ्या, दिवसाचा कोटा पुरा नाही झाला तर नोटीस येईल या धास्तीत असलेल्या माणसाकडून घटनेतल्या हक्कांचं भाषण कोण अपेक्षील? पण ऐच्छिक हा शब्द कागदावर लिहून त्याचा भार सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्यावर टाकायचा, हीच तर आपल्याकडची शब्द मोडण्याची रीत आहे.

आणि ती मुलाखत होते कशी, तेही बघा. उंबऱ्यावर खुर्ची, खुर्चीवर गुरुजी किंवा बाई, हातात मोबाईल. शेजारची वहिनी येऊन उभी, समोरचे काका कट्ट्यावर. घरात कोण विधवा, कोण माहेरी येऊन राहिलेली, कोणाचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं, वर्षाचं उत्पन्न किती, हे सगळं मोठ्याने विचारलं जातं आणि मोठ्याने सांगितलं जातं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, कारण सरकारी कामात आपली लाज बाजूला ठेवायची हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं आहे.

स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये जनगणनेचा कायदा केला तेव्हा मात्र कायदा करणाऱ्यांना हा उंबरा माहीत होता. त्या कायद्याच्या ८ व्या कलमानुसार विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं बंधनकारक आहे, पण त्यातच एक सूट आहे. घरातल्या बाईचं नाव सांगायची सक्ती कोणावर नाही, आणि कोणत्याही स्त्रीवर आपल्या नवऱ्याचं, किंवा रूढीने जे नाव तिला घेता येत नाही त्याचं, नाव सांगायची सक्ती नाही. आज वाचताना ते जुनाट वाटेल. पण उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईचा संकोच कायद्याच्या मसुद्यात जपावा, असं तेव्हा कोणाला तरी वाटलं. त्याच कायद्याचं १५ वं कलम अधिक महत्त्वाचं. जनगणनेत दिलेली वैयक्तिक नोंद पाहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि ती नोंद न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षेची तरतूदही त्या कायद्यात आहे.

हे कलम म्हणजे सरकारने दिलेला खरा शब्द. तो भाषणात दिलेला नाही, जाहिरातीत छापलेला नाही, कायद्यात लिहिलेला आहे. आणि गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्याच गुरुजींनी, त्याच उंबऱ्यावर घेतलेल्या दुसऱ्या फॉर्मला हा शब्द लागू नसतो. २०१० मध्ये जनगणनेच्या घरयादीबरोबरच राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीची माहिती घेतली गेली. ती जनगणना कायद्याखाली नव्हती, नागरिकत्व कायदा आणि २००३ च्या नियमांखाली होती. तिला १५ व्या कलमाचं कवच नव्हतं. २०११ ची सामाजिक-आर्थिक आणि जात गणना तर जनगणना कायद्याच्या बाहेरच झाली. तिच्यातली घरांची माहिती लाभ द्यायला किंवा काढून घ्यायला सरकारी खात्यांना खुली ठेवली गेली, आणि ज्या जातींच्या आकड्यांसाठी लोकांनी दारं उघडली ते आकडे आजवर प्रसिद्धच झाले नाहीत. कर्नाटकातलं २०२५ चं सर्वेक्षणही मागासवर्ग आयोगाच्या कायद्याखालचं, जनगणना कायद्याखालचं नव्हे. लोकांच्या लेखी मात्र सगळंच ‘शिरगणती’. कोणत्या कागदाला कुलूप आहे आणि कोणता उघडा आहे, हे दारातल्या माणसाला कळायला काही मार्गच ठेवलेला नाही.

आधारचं तेच झालं. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार कार्ड दिलं गेलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधार नाही म्हणून कोणाचं अडता कामा नये. २०१५ मध्ये पुन्हा सांगितलं. त्यानंतर बेळगाव जिल्ह्यातलं एक तरी रेशन दुकान, एक तरी बँक, एक तरी शाळा आधारशिवाय चालली का? आज रेशनला आधार, महिलांसाठीच्या गृहलक्ष्मी योजनेच्या २००० रुपयांना आधार, रोजगार हमीला आधार, आणि २०२४ पासून शेताच्या उताऱ्याला आधार जोडायची मोहीम झाली. कर्नाटकाकडे ‘कुटुंब’ नावाची नोंदवही आहे. एका कुटुंब क्रमांकाखाली घरातली माणसं आणि त्यांना मिळणारे लाभ एकत्र आणणं हा तिचा हेतू. योजना राबवायला ते सोयीचं आहे हे मी नाकारत नाही. पण रेशनसाठी दिलेला आधार नंबर उद्या कशाशी जुळवला जाईल, हे देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि त्याला कोणी विचारलंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जुळवून राज्यात बीपीएल कार्डं रद्द झाली, काहींची एपीएल झाली. बोंब उठली तशी सरकारने पात्र लोकांची कार्डं परत करण्याचा आदेश दिला. दुकानात गेल्यावर कार्ड बंद पडल्याचं ज्यांना कळलं, त्यांना आधी एक ओळीची नोटीस मिळायला हवी होती.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी ऑनलाईन अर्ज भरून देणारं केंद्र बघितलं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, ठसा घ्यायचं यंत्र, झेरॉक्स मशीन. टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक यांच्या झेरॉक्सचे गठ्ठे. अर्ज भरून झाला की कागद तिथेच राहतो, कोणी परत मागत नाही. एक म्हातारी आली होती. आयुष्यभर भाताची लावणी करून आणि शेणी थापून बोटांच्या रेघा पुसलेल्या. थम लागत नव्हता. पोरगा म्हणाला, ‘आज्जी, बोट पुसून परत ठेव.’ तिने पदराला बोट पुसलं, परत ठेवलं, परत पुसलं. शेवटी पोराने तिचा मोबाईल मागितला, ओटीपी स्वतःच बघितला, स्वतःच टाकला आणि काम झालं. पोरगा भला होता, म्हातारीला बरं वाटलं. पण तिच्या नावावर, तिच्या संमतीने म्हणून, यंत्रात नेमकं काय नोंदलं गेलं हे तिला ठाऊक नव्हतं. कायद्याच्या भाषेत ही ‘माहितीपूर्ण संमती’ धरली जाते.

मार्च २०१८ मध्ये केंद्राचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं की आधारची माहिती १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींआड सुरक्षित आहे. भिंती असतील. माहिती भिंत फोडून जात नाही, ती झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून आणि सरकारच्याच संकेतस्थळांवरून जाते. त्याच्या वर्षभर आधी बेंगळूरच्या एका अभ्यास संस्थेने दाखवून दिलं होतं की चार सरकारी पोर्टलांवर मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडले होते.

कर्नाटकापुरतंच बोलायचं तर २०२३ चं प्रकरण प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवावं असं आहे. उपनिबंधक कचेरीत जमिनीचा, घराचा दस्त नोंदवताना आपण आधार देतो आणि अंगठ्याचा ठसा देतो. हे नोंदणी झालेले दस्त ऑनलाईन मिळतात. भामट्यांनी त्यांतून आधार क्रमांक आणि ठसे उचलले, ठशाच्या नकला बनवल्या आणि आधारवर चालणाऱ्या पेमेंट व्यवस्थेतून लोकांच्या खात्यातले पैसे काढले. मंगळूर, बेंगळूरकडच्या कितीतरी लोकांना ओटीपी न येताच पैसे गेल्याचा मेसेज आला. मग सरकारने दस्तातले ठसे झाकायला घेतले आणि लोकांना सल्ला दिला, तुमचं बायोमेट्रिक लॉक करा. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार? आणि लॉक करायला जे अॅप लागतं ते त्या म्हातारीच्या बटणांच्या फोनवर चालणार तरी कसं?

कोरोनाचा काळ आम्ही सीमेवरच्या लोकांनी जरा वेगळाच भोगला. कोगनोळीच्या नाक्यावर नोंद केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने घरी विलगीकरणात असलेल्यांच्या पत्त्यांच्या जिल्हावार याद्या चक्क संकेतस्थळावर टाकल्या. हातावर शिक्के, दारावर चिठ्ठ्या आणि अॅपवर दर तासाला सेल्फी. मे महिन्यात तर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना राज्याची दारंच बंद झाली. मुंबई-पुण्याला पोटासाठी गेलेली आमची पोरं गावाच्या वेशीवर अडकली आणि ‘मुंबईहून आलेला’ हा शिक्का कुटुंबावर महिनोन्‌महिने राहिला. साथ होती, माहिती लागणारच होती. पण पत्ता जाहीर करून साथ आटोक्यात आल्याचं काही दिसलं नाही, वाळीत टाकणं तेवढं झालं. केंद्राच्या आरोग्य सेतू अॅपमधली माहिती फक्त आरोग्यासाठी, असं सांगितलं होतं. काश्मीरच्या कुलगाम जिल्ह्यात ती पोलिसांना दिल्याचं माहितीच्या अधिकारात बाहेर आलं. जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेच, लोकांच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय ही आरोग्यविषयक माहिती इतर खात्यांना देऊ नका, असा अंतरिम आदेश दिला.

वाहन आणि परवान्याच्या नोंदींचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना ती माहिती देऊन ६५ कोटी रुपये मिळाले, हे २०१९ मध्ये केंद्राने स्वतः राज्यसभेत सांगितलं. केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंगच्या स्कूटरमालकाला आरटीओत फॉर्म भरताना हे कोणी विचारलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारं प्रकरण नोव्हेंबर २०२२ मधलं आहे. बेंगळूर महापालिकेने मतदार जागृतीसाठी चिलुमे नावाच्या एका खासगी संस्थेला परवानगी दिली. तिची माणसं मतदान केंद्राचे सरकारी अधिकारी असल्याची ओळखपत्रं गळ्यात घालून घरोघर गेली आणि मतदारांची वैयक्तिक माहिती गोळा केली. गुन्हे दाखल झाले, निवडणूक आयोगाच्या आदेशाने दोन आयएएस अधिकारी निलंबित झाले. हे बेंगळूरमध्ये झालं. तेच येळ्ळूर, कडोली किंवा खानापूर तालुक्यातल्या गावांत झालं तर? मातृभाषा, जात आणि मतदान केंद्र या तीन गोष्टी एकत्र हाती असलेल्या माणसाला सीमाभागात कोणती वॉर्ड रचना कशी करायची, कोणाची नावं यादीतून गळाली तर कोणाचं काम होईल, हे टेबलावर बसून ठरवता येईल. बेळगाव महापालिकेतल्या मराठी सत्तेसाठी ज्यांनी हयात घालवली त्यांना हे समजावून सांगायला नको.

इथे माझे मित्र मला अडवतात. म्हणतात, आपण तर कर्नाटकाच्या स्थापनेच्या दिवशी, १ नोव्हेंबरला, काळा दिन पाळतो, भगवा हातात घेऊन सायकल फेरी काढतो, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. मराठी आहोत हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांना लपवायचं काय आहे? हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवं. फेरीत मी जातो तेव्हा जायचं मी ठरवलेलं असतं. त्या दिवशी, त्या रस्त्यावर, माझ्या मर्जीने. माझ्या शेजारचा माणूस मनाने माझ्याबरोबर असतो पण येत नाही, कारण तो सरकारी नोकरीत आहे, किंवा त्याची मुलगी भरतीच्या यादीत आहे, किंवा त्याच्या ठेक्याचं बिल अडकलेलं आहे. त्याची निष्ठा माझ्यापेक्षा कमी नाही. आपलं मन कोणापुढे आणि कधी उघडं करायचं हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. नोंदवहीत त्याची मातृभाषा, त्याचं घर, त्याचा फोन आणि त्याच्या पोरांची शाळा एकत्र बांधली गेली की हा हक्क त्याच्या हातून जातो, आणि गेल्याचं त्याला कळतही नाही. २०१४ च्या जुलैमध्ये येळ्ळूरच्या ‘महाराष्ट्र राज्य’ फलकावरून काय झालं, पोलिसांनी घराघरात शिरून कोणाला मारलं, हे बेळगाव विसरलेलं नाही. तेव्हा त्यांच्या हातात याद्या नव्हत्या.

शिवाय २०२२ पासून नवा कायदा आहे. अटक झालेल्यांच्या बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा घेऊन त्या नोंदी ७५ वर्षं जपून ठेवायची मुभा त्यात आहे. निर्दोष सुटलेल्याच्या नोंदी पुसायची तरतूद आहे खरी, पण आंदोलनाचे खटले वर्षानुवर्षं कसे रेंगाळतात हे महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांना विचारा.

सत्ता बेंगळूरची म्हणून मी हे बोलतो आहे असं कोणी समजू नये. महाराष्ट्र सरकारलाही हाच प्रश्न आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू झाली याचा आनंद सगळ्यांना झाला. पुढे बेळगाव भागात उघडलेली नोंदणी केंद्रं कर्नाटक प्रशासनाने बंद पाडली आणि वाद पेटला. त्या वादात, अर्ज करणाऱ्यांच्या नावांची यादी कोणाकडे, किती दिवस आणि कोणत्या कायद्याच्या संरक्षणात राहणार, हे मुंबईतही कोणी सांगितलं नाही. सीमाभागातून महाराष्ट्रात शिकायला जाणाऱ्या मुलांकडून वादग्रस्त भागातला रहिवास आणि मातृभाषा मराठी असल्याचे दाखले घेतले जातात. ते लागतात, त्यावर पोरांच्या जागा आहेत. पण कर्नाटकात राहून, कर्नाटकाच्या नोकरीची आशा धरून जगणाऱ्या कुटुंबासाठी ती यादी नाजूक आहे, एवढं भान मायेने वागणाऱ्या सरकारला तरी असावं.

दाद मागायची कुठे? या प्रश्नाची सुरुवात कर्नाटकातूनच झाली आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधारविरुद्ध याचिका केली. त्या खटल्यात केंद्र सरकारने २०१५ मध्ये चक्क अशी भूमिका घेतली की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की आहे. त्यानंतर कायदा यायला सहा वर्षं लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये.

तो कायदा मी नीट वाचला, आणि वाचून राग आला. केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना त्यातून सूट आहे. अनुदान आणि लाभासाठी सरकारला तुमची माहिती संमतीशिवाय वापरता येते. माझ्याबद्दल काय नोंदलं आहे ते दाखवा, हे विचारण्याचा हक्क संमतीने दिलेल्या माहितीला जोडलेला आहे, म्हणजे रेशन-पेन्शनच्या माहितीपुढे तो लंगडा पडतो. माहिती फुटली तर दंड २५० कोटींपर्यंत, पण तो जमा होतो सरकारच्या तिजोरीत. जिचा अंगठा चोरीला गेला तिला त्यातला रुपया मिळत नाही. नुकसानभरपाईचं जुनं कलमही याच कायद्याने काढून टाकलं. उलट नागरिकाने आपलं कर्तव्य पाळलं नाही, खोटी तक्रार केली, तर त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड. आणि माहितीच्या अधिकारात अधिकाऱ्यांबद्दलची वैयक्तिक माहिती व्यापक जनहित असेल तर देण्याची जी सोय त्या कलमात होती, ती गोपनीयतेच्याच नावाखाली छाटली. आपण सरकारला उघडे आणि सरकार आपल्याला बंद, असा हा व्यवहार आहे. तो मला मान्य नाही.

आता १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची जनगणना आहे. पहिल्यांदाच मोबाईल अॅपवर, आणि १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्या जातींची नोंद घेणारी. आम्ही दारं उघडणार, मातृभाषा मराठी सांगणार, सांगायलाच हवी. भीतीपोटी कोणी रकाना टाळला तर १५ टक्क्यांची लढाई आपण आपल्याच हाताने हरू. पण गणक आला की त्याला विचारायचं, हा फॉर्म जनगणना कायद्याखालचा आहे का? दुसरा काही फॉर्म सोबत आहे का? असेल तर तो कोणत्या कायद्याखाली? भाषेच्या रकान्यात काय भरलं ते स्क्रीनवर दाखवा. शेजाऱ्यांनी थोडं लांब थांबायचं. गल्लीतल्या मंडळांनी, महिला मंडळांनी हे आधीच घरोघरी सांगून ठेवावं. गणेशोत्सवाच्या वर्गणीला आपण प्रत्येक दारात जातोच.

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात दर हिवाळ्यात अधिवेशन भरतं आणि पहिल्या दिवशी समितीचा महामेळावा जाहीर होतो, परवानगी मिळो न मिळो. त्या मेळाव्याच्या ठरावांत यंदा आणखी एक ठराव असावा, आणि तो तसाच महाराष्ट्राच्या विधिमंडळालाही पाठवावा. राज्याने केलेल्या प्रत्येक सर्वेक्षणाला जनगणनेच्या १५ व्या कलमासारखं संरक्षण कायद्याने द्या. नाव, आधार, फोन आणि मीटरचा क्रमांक हे जात आणि भाषेच्या नोंदीपासून ठरावीक मुदतीत तोडा, आणि तोडल्याचं प्रतिज्ञापत्र विधानसभेपुढे ठेवा. प्रत्येक कुटुंबाला त्याच्या नोंदीची प्रत त्याच्या भाषेत द्या, म्हणजे इथे मराठीत. त्या प्रतीवर, ही माहिती फुटली तर जबाबदार कोण, त्या अधिकाऱ्याचं पदनाम छापा. आणि फुटलीच तर भरपाई त्या कुटुंबाच्या खात्यात जमा करा.